थकला की पळाला

बुलढाण्याचा घाट चढणाऱ्या काळी-पिवळीत मी हुज्जत घालून पुढची सीट मिळवली होती. ड्रायव्हर अनोळखी, पण माझ्यासारखाच अंतराळपटांच्या एका मालिकेचा वेडा निघाला.

"नव्या भागात आपल्या कप्तानाले पळपुटा करून टाकला," मी भडकलो.

"पळाला नाही भाऊ, थकला. असं यान सोडून देल्लं त्यानं!" म्हणत त्याने स्टेअरिंगवरचे दोन्ही हात उचलले. समोर वळण, खाली दरी.

"धरा ना बाप्पा!"

"पहिले सांगा, थकला का पळाला?"

"अर्धा थकला, अर्धा पळाला!"

त्याने नकारार्थी मान हलवली. हात वरच.

"थकला, थकला!" मी ओरडलो. मग त्याने सावकाश स्टेअरिंग धरलं.

बाजारात भाव करताना मी कधी कुणापुढे नमलो नाही. त्या वळणावर मात्र सिनेमावाल्यांवरचा सगळा राग फुकटात सोडून दिला, आणि ते मला अजून सलतं.