विहिरीत उतरण्याची यादी

चर्चच्या मालवण सहलीची यादी मीच केली होती. पाण्याचे जार, उलटीच्या गोळ्या, जादा चपला, शिट्टी. त्यात 'समुद्राखाली जाणे' हा मुद्दा कुठेच नव्हता. तो आमच्या ह्यांनी ऐनवेळी घुसवला. भिंगारच्या लष्करी वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून जन्म घालवून नुकताच निवृत्त झालेला हा माणूस. तोंडात नळी धरून समुद्राखाली गेला आणि वर आला तो नव्या नोकरीची ऑर्डर हातात पडल्यासारखा. बाकीच्यांनी रंगीत मासे पाहिले. ह्यांनी नळीचे सांधे पाहिले.

"अगं, सगळी गंमत तोंडातल्या त्या डबीत आहे," परतीच्या बसमध्ये ते मला सांगत होते. "आत रबरी पडदा आहे. श्वास ओढला की झडप उघडते, सोडला की बंद. आपल्या गॅसच्या रेग्युलेटरचा भाऊच म्हण."

"मग तो त्याच्या गावी सुखात राहू दे," मी म्हणाले.

पण दोन आठवड्यांत तो आमच्या घरी राहायला आला. मालवणच्या प्रशिक्षकाने आपली जुनी डबी कुरियरने पाठवली. नगर जिल्ह्यात तिचं काय करणार, असं त्याने फोनवर विचारलं. "विहिरी आहेत की," ह्यांनी सांगितलं. मग त्याने मला फोन द्यायला सांगितलं आणि दोन गोष्टी लिहून घ्यायला लावल्या: वर येताना श्वास कधीही रोखायचा नाही, आणि एकट्याने कधीही उतरायचं नाही. मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला एक आणि दोन असे आकडे टाकून लिहून घेतलं. यादी तिथून सुरू झाली.

उत्साही माणसाला उपकरण बनवताना आपण नंतर ते वापरणार आहोत याचा विसर पडतो, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. खाली बुडून राहण्यासाठी कमरेला वजन लागतं. ह्यांनी भिंगारच्या बाजारातून लष्करी कॅनव्हासचा जुना पट्टा आणला, वाण्याकडची दोन-दोन किलोची लोखंडी वजनं त्याला ठोकली आणि पुढे नटबोल्ट लावला. काम देखणं होतं. वॉशरसुद्धा होता.

"पाण्यात घाबरलात तर हा सोडायचा कसा?" मी विचारलं.

"तेरा नंबरच्या पान्याने."

"आणि पाना?"

त्यांनी पट्ट्यावरचा नटबोल्ट काढून टाकला. दुसऱ्या दिवशी तिथे एका झटक्यात सुटणारं बक्कल आलं आणि माझ्या यादीत तिसरा मुद्दा.

हवेसाठी आधी त्यांनी एका पेंटरचा कॉम्प्रेसर आणला. नळीच्या तोंडाशी मी माझा पांढरा रुमाल धरला. त्यावर पिवळा डाग उमटला.

"थोडं तेल येणारच," ते म्हणाले. "वंगण आहे ते."

"तुमच्या फुप्फुसाला वंगण नको आहे."

कॉम्प्रेसर परत गेला. मग नगरमधल्या एका दंतवैद्याने दवाखाना बंद केला आणि त्याचा बिनतेलाचा कॉम्प्रेसर आमच्याकडे आला. रुमाल स्वच्छ राहिला. "आणि लाइट गेली तर?" असं मी विचारल्यावर घरचा इन्व्हर्टरही बॅटरीसकट त्यांच्या खोलीत गेला. तेव्हापासून आमच्याकडे लाइट गेली की आम्ही अंधारात बसतो, पण पाण्याखाली सोय आहे.

चाचणी गच्चीवरच्या टाकीत झाली. ते आत मांडी घालून बसले, मी बाहेर घड्याळ घेऊन. शेजारच्या वहिनी कपडे वाळत घालायला आल्या. टाकीतून येणारे बुडबुडे त्यांनी थोडा वेळ पाहिले.

"भाऊजी आत आहेत?"

"हो."

"बरं वाटतं का त्यांना तिथं?"

मी म्हटलं, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच बरं वाटतंय. खरंच वाटत होतं. वर्कशॉप सुटल्यापासून हा माणूस दिवसातून तीनदा फाटकाची कडी दुरुस्त करत होता. त्यामुळे मी हसत होते तरी थांबवत नव्हते. फक्त यादी वाढवत होते.

मे महिन्यात काष्टीहून माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. विहिरीतल्या मोठ्या मोटारीचा दोर तुटून ती तळाशी गाळात रुतली होती. दुसरी लहान मोटार ठिबकपुरती चालू होती, पण तेवढ्यावर लिंबाची बाग जगणार नव्हती.

"गावातले मामा कुठं गेले?" मी विचारलं. आसपासच्या विहिरींतून पडलेल्या मोटारी, बादल्या, कळश्या एका दमात बुडी मारून काढणारे ते मामा मी लहानपणापासून पाहत आले होते.

"मामांनी काम सोडलं न्हवं का. दाजींकडं मशीन हाय म्हन्त्यात, व्हय?"

दाजी त्या वेळी पायात बूट घालत होते.

आम्ही टेम्पो करून सकाळी काष्टीला पोचलो. विहिरीत पंधरा फूट पाणी होतं, हिरवं, आणि त्यात लहान मोटार दोराने लोंबकळत होती. तिच्या वायरीला मोजून तीन ठिकाणी टेप गुंडाळलेली होती. मी ते पाहिलं आणि यादी बाहेर काढली. टाकीत वायर नव्हती.

काम सोडलेले मामा काठावर बिडी ओढत बसले होते. आम्ही उतरवलेला कॉम्प्रेसर, बॅटरी, इन्व्हर्टर, नळीची गुंडाळी आणि पट्टा त्यांनी क्रमाने पाहिला.

"सायेब, उतरताय का संसार थाटताय?"

"मामा, याने अर्धा तास खाली राहता येतं," ह्यांनी अभिमानाने सांगितलं.

"खाली ऱ्हायला कोन जातंय? काम झालं की मानसानं वर यावं." मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि डावा हात दाखवला. दोन बोटं वाकत नव्हती. गेल्या वर्षी ते पाण्यात असतानाच लाइट आली होती. "मालक म्हनला, बंद हाय मामा, उतरा. ताई, तुमी फ्यूज काढा आन् हातात धरून बसा. कुनाच्या सांगन्यावर जाऊ नका."

मी यादीत अकरावा मुद्दा लिहिला आणि भावाला फ्यूज काढायला सांगितलं.

"लाइटच न्हाई ताई. बाराला येनार हाय. आन् मी लाल बटन पन दाबून आलोय."

"तरी काढ."

"अगं, मी काय दाजींच्या जिवावर उठलोय का?" तो हसला, पण थोडा दुखावलाही. मी हात पुढे करून उभी राहिले. त्याने विहिरीजवळच्या मोटारीच्या पेटीतले तिन्ही चिनीमातीचे फ्यूज उपटले आणि मला दिले. मी ते पर्समध्ये टाकले, चेन लावली आणि पर्स गळ्यात अडकवली.

मग हे उतरले. कमरेचा दोर माझ्या हातात: एक झटका म्हणजे ठीक, तीन म्हणजे ओढा. बुडबुडे येत होते, कॉम्प्रेसर गुरगुरत होता. आठव्या मिनिटाला लाइट आली. काष्टीत लाइट वेळेआधी आल्याचं मी आयुष्यात प्रथमच पाहिलं. चहूबाजूंच्या शेतांतून मोटारी एकामागून एक सुरू झाल्या. मामांनी बिडी विझवली. आमच्या विहिरीत मात्र फक्त बुडबुडे. मी दोराला एक झटका दिला. उत्तर येईपर्यंत मी काय केलं ते यादीत नाही. मग खालून एक झटका आला.

"बघ, आपली बंदच हाय," भाऊ म्हणाला.

हे वर आले ते गाळाने माखून, हसत, मोटारीला दोर बांधूनच. विहिरीवरच्या तीन खांबांच्या तिकाटण्यावरच्या साखळीने मोटार ओढून घेतली. आजूबाजूची माणसं जमली आणि ह्यांनी लगेच रबरी पडद्याचं व्याख्यान सुरू केलं. मामासुद्धा डबी तोंडात धरून श्वास ओढून पाहत होते.

मी भावाला फ्यूज परत दिले. त्याने पेटीत एक बसवला, दुसरा बसवला, तिसरा बसवला आणि हात पुसायला मागे सरकला. पेटीत टक्क झालं. कुणीही हिरवं बटण दाबलेलं नसताना लहान मोटार सुरू झाली आणि विहिरीतलं पाणी थरथरायला लागलं.

भावाने पेटीतल्या एका छोट्या डबीवर बोट ठेवलं. लाइटीचे तास धरून रोज शेतावर धावायला नको म्हणून त्यानेच तिथे ऑटो बसवला होता. लाइट आली की मोटार आपोआप चालू. लाइट नसताना दाबलेल्या लाल बटणाची त्या ऑटोला काही पर्वा नव्हती.

"ताई," तो हळूच म्हणाला, "मी खरंच बंद केलं हुतं गं."

"माहिती आहे मला," मी म्हणाले. मामांच्या मालकानेही केलंच असणार.

ह्यांना मी परतीच्या वाटेवर सांगितलं. नगर जवळ आलं तेव्हा ते म्हणाले, "पर्समध्ये फ्यूज एकमेकांवर आपटून फुटतील."

दोन दिवस खोलीतून ठोकण्याचा आवाज येत होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर चामड्याची पिशवी ठेवली: आत तीन फ्यूजचे तीन कप्पे, कडांना रिव्हेट, गळ्यात अडकवायला पट्टा, वर बटण. आतापर्यंतच्या सगळ्या सामानात एवढं नीट काम त्यांनी कशाचंच केलं नव्हतं. आता कुणाच्याही विहिरीवर गेलो आणि मालक म्हणाला, "बंद हाय ताई", की मी मान डोलावते, पिशवीचं बटण उघडते आणि हात पुढे करते.