भाचीच्या रक्तातले छोटे आरएनए

दिंडोरीला दिलेल्या माझ्या ताईची मुलगी तेरा महिन्यांची होती, तेव्हा तिसऱ्यांदा न्यूमोनिया होऊन नाशिकला दवाखान्यात दाखल झाली. डॉक्टर म्हणाले, रक्तात अँटिबॉडी कमी आहेत. त्या बनवणाऱ्या बी-पेशी तयार होतात की नाही हे बघायला रक्त मुंबईला पाठवू. रिपोर्टला दहा दिवस लागणार होते.

मी तेव्हा नाशिकमध्येच एका प्रयोगशाळेत संशोधन करत होते आणि माझा विषय नेमका बी-पेशींचाच होता. पेशीत काही आरएनए अगदी छोटे असतात. त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही. ते प्रथिनाचा निरोप वाहणाऱ्या मोठ्या आरएनएला चिकटून त्यापासून प्रथिन बनणं रोखतात. बी-पेशी अस्थिमज्जेत टप्प्याटप्प्याने वाढते, आणि तिच्या वाढीवर या चिमुकल्यांचा बराच ताबा असतो. त्यांतले काही नसले, तर उंदरांच्या पेशी अर्ध्या वाटेवर अडकतात. हे सगळं वाचलेलं असल्यामुळे मला दहा दिवस धीर निघेना.

ताईला विचारून मी एक जादा नळी रक्त घेतलं, बर्फात ठेवलं आणि स्कूटरवरून प्रयोगशाळेत नेलं. बाईंना, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांना, काहीच सांगितलं नाही. आरएनए वेगळा करताना दोनदा हातमोजे बदलले. दुसऱ्या दिवशी आकडे आले. मला ज्याची भीती होती तोच आरएनए कमी दिसत होता.

मी तशीच दवाखान्यात गेले. ताई मुलीला वाफ देत होती.

"काय गं, काही कळलं?"

"एक आरएनए कमी दिसतोय. पेशी कदाचित अडकत असतील."

"म्हणजे हे जन्माचं आहे?"

 त्या दिवसापासून ताईला जेवण जाईना. मुलीला कुणी हात लावला तरी ताई दचकायची.

चौथ्या दिवशी न राहवून मी बाईंसमोर कागद ठेवले आणि सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ते शांतपणे पाहिले.

"तुलना कुणाच्या रक्ताशी केलीस?"

"आपल्या नेहमीच्या नमुन्यांशी."

"ते सगळे मोठ्या माणसांचे. बाळाच्या रक्तात पेशींचं प्रमाणच वेगळं असतं, त्यात ही आजारी. यावरून काहीही सांगता येत नाही. आणि हे तू बाळाच्या आईला सांगून बसलीस?"

 हीच चूक दुसऱ्या कुणाच्या कामात मी लगेच पकडली असती.

त्याच दुपारी ताईला सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "चार दिवस मी हिच्याकडे बघताना रडत होते गं."

मुंबईचा रिपोर्ट आला. बी-पेशी होत्या, पुरेशा होत्या. डॉक्टरांच्या मते काही बाळांमध्ये अँटिबॉडी उशिरा वाढतात. पण खात्री आत्ता देता येणार नाही, दर तीन महिन्यांनी तपासू. ते तीन महिने मी फोन वाजला की घाबरायचे. पहिल्या तपासणीत आकडा थोडा वर सरकला, दुसरीत आणखी. अडीच वर्षांची होईपर्यंत तो वयाला साजेसा झाला.

ताईने माझ्याशी अबोला कधी धरला नाही. भाचीला ताप आला की ती अजूनही मला कळवते, पण डॉक्टरांशी बोलून झाल्यावर.