तांब्याच्या खोलीत तीन तास

कामावरचे सगळे त्यांना तांबटकाका म्हणत. धंदा खोल्या बांधायचा. पण अशा खोल्या, की ज्यांत मोबाइलला एक काडी रेंज मिळू नये. भिंती, छत, जमीन, सगळीकडे तांब्याचा पत्रा. बाहेरच्या लहरी पत्र्यावर आदळतात, त्याच्याच अंगात वीज खेळवतात आणि तिथेच संपतात. आत नाजूक यंत्रांची चाचणी निवांत चालते. बोटभर लांबीची बारीकशी फट राहिली, तरी काकांची झोप उडायची. बत्तीस वर्षं या माणसाने फटी बुजवण्यापलीकडे काही केलं नाही.

घरीही तोच खाक्या. बायकोच्या पायांतली ताकद गेली आणि ती एकदा जिन्यावरून पडली, तेव्हापासून बाहेर जाताना ते दाराला कुलूप लावत. किल्ली एकच, काकांच्या खिशात. सुरुवातीला तिने भांडून पाहिलं. ‘काळजी’ या शब्दापुढे काही चालेना, तेव्हा तिने विषयच सोडला. काकांना वाटलं, पटलं तिला.

त्या शनिवारी दुपारी, दोन तासांत येतो असं तिला सांगून ते कामावर आले. सोमवारी खोलीची तपासणी होती, आणि दाराच्या आतल्या मुठीपाशी लहरी झिरपत होत्या. काकांनी मूठच काढून बाहेरच्या टेबलावर ठेवली, भोकावर तांब्याची चकती कथलाचा डाग देऊन बसवली आणि मोजून बघायला आत जाऊन, कडेला धरून दार ओढून घेतलं. खटका बसला. गळती थांबली होती. आणि दार आतून उघडायला काही उरलं नव्हतं.

अर्धा तास त्यांनी दार बडवलं. पहारेकरी लांब फाटकापाशी. त्याला काय ऐकू जाणार? मग खांदा लावून पाहिला. मग स्वतःला शिव्या घातल्या, अगदी मनापासून. मोबाइल मुका होता, आणि त्याला तसा करणारे हेच. सोमवारपर्यंत इकडे कुणी फिरकणार नव्हतं. तिकडे ती कुलपाआड, उशाशी एक बाटली पाणी. भिंती अंगावर यायला लागल्या.

बऱ्याच वेळाने त्यांची नजर हवेच्या जाळीवर गेली. तिची घरं इतकी अरुंद आणि खोल, की हवा येते, लहरी येत नाहीत. पण तिच्यातून एक वायर घातली, तर लहरी त्या वायरीवरून बिनदिक्कत आत येतात. यासाठी काकांनी भल्याभल्या इंजिनिअरांना झापलं होतं. आता त्यांनीच खिशातलं वायरीचं वेटोळं काढलं, एका घरातून बाहेर सारलं आणि आतलं टोक मोबाइलभोवती गुंडाळलं.

दोन काड्या आल्या. आधी पहारेकऱ्याला फोन केला, तो निघाला. मग घरी.

"अगं, मी अडकलोय. दार आतून उघडत नाही, हाक मारली तर कुणाला ऐकू जात नाही. जीव घुसमटतोय नुसता."

"किती वेळ झाला?"

"तीन तास."

भाजीत मीठ कमी पडलंय हे सांगावं तशी ती म्हणाली, "होते हो सवय. पहिलं वर्ष जड जातं."

काकांना लाज वाटली, इतकी की फोन कानाला नकोसा झाला. वायर जराशी ओढली असती तर रेंज गेली असती, आणि तसं सांगणं खोटंही ठरलं नसतं. बाहेर पहारेकरी खटका उचलत होता, तरी त्यांनी वायर घट्ट धरून ठेवली.

"बोल," ते म्हणाले. "ऐकतोय मी."