घरघंटीचा फुकट नंबर

माझी बायको शालन दौंडला सख्ख्या बहिणीच्या वास्तुशांतीला गेली नाही, याला कारण तिचे गुडघे नव्हते. कारण मी होतो. एक शेजारी सोडला तर आमच्या न्हावरे गावात सगळ्यांना मी इतकी वर्षं गुडघेच सांगत आलो. आता माझेच दुखायला लागलेत, तेव्हा खरं सांगून टाकतो.

सुरुवात घरघंटीपासून झाली. नवीकोरी घरघंटी महिन्याभरात पिठाऐवजी रवा देऊ लागली. तिच्या पाठीवर कंपनीचा नंबर होता. माझ्या मोबाइलची बॅटरी फुगलेली, म्हणून मी शालनचा उचलला. त्या काळी बोलायला बॅलन्स लागायचा आणि तिचा बॅलन्स एकाच कामाचा होता : दर गुरुवारी दौंडच्या मंदाला, म्हणजे धाकट्या बहिणीला, फोन.

"आवं, माझ्या मोबाइलवरनं कशाला?"

"फुकट नंबर हाय. अठरानं सुरू होतोय, दिसत न्हाई का? तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. फुकट काय आन् हाफ तिकीट काय, ते मला शिकवू नको!"

फोन लावला. आधी गाणं वाजलं, मग गोड आवाज आला, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." मी स्पीकर मोठा करून ओट्यावर बसलो. (फुकटचं मिळतंय तर गल्लीनं ऐकायला नको?) शेजारचे पोपटराव धावत आले.

"कोन म्हनतंय आबा एवढं मायेनं?"

"कंपनी."

"माझी सून मला कवा असं म्हनली न्हाई!" ते हळहळले आणि मांडी घालून बसले.

त्या दिवशी कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, तर पोपटराव येताना काकड्या घेऊन आले. गाण्याला ते मान डोलवू लागले. तिसऱ्या दिवशी मी मोबाइल गोठ्यात खुंटीला अडकवून धार काढली. म्हैस त्या गाण्याला पान्हा सोडते, असं पोपटरावांचं मत पडलं! फोन ठेवायचा विचारसुद्धा मनात आला नाही. फुकट आहे म्हटल्यावर ठेवायचा कशाला?

आणि अचानक एक जिवंत मुलगी बोलली. "सर, बिलाचा नंबर सांगा." बिल पेटीत, पेटीची किल्ली शालनच्या कमरेला, शालन कांद्याच्या वाफ्यात. मी पळत गेलो, पळत आलो. मुलगी म्हणाली, "धन्यवाद सर, आपली तक्रार..." आणि फोन गप्प झाला. मी कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

गुरुवारी शालननं मंदाला फोन लावला. बॅलन्स शून्य!

इथं माझ्यातला कंडक्टर जागा झाला. भर ओट्यावर, पोपटरावांच्या साक्षीनं, मी तपासणी सुरू केली.

"मंदीशी किती येळ बोलत होतीस?"

"मागल्या गुरुवारी चार मिन्टं."

"चार मिन्टात शंभराचं व्हाउचर संपतंय व्हय? मोबाइल खोटं बोलत न्हाई!"

"मग मी बोलते का खोटं?" तिनं मोबाइल माझ्यापुढं ठेवला. "घ्या तुमचा डबा. पुन्हा हात लावायची न्हाई."

एवढ्यावर थांबलो असतो तर मी मी कसला? दुकानातून मंदालाच फोन केला. "तुमच्या गप्पांपायी माझं दिवाळं निघायची येळ आली."

ती शांतपणे म्हणाली, "बरं दाजी. आता मीबी न्हाई करनार फोन."

तिनं शब्द पाळला. शालनला वाटलं, मंदा रुसली. मंदाला वाटलं, शालननंच माझ्याकडं तक्रार केली.

महिन्यानं मी माझ्या मोबाइलची बॅटरी बदलायला शिरूरच्या मोबाइल दुकानात गेलो आणि गल्ल्यावरच्या पोरीपुढं कंपनीला शिव्या घातल्या. तिनं नंबर पाहिला.

"आबा, हा अठराशे साठवाला हाय. नुसतं अठराशे आसतं तर फुकट. ह्याला पैसं पडत्यात."

"गानं ऐकायचं बी?"

"गानं ऐकायचं बी."

म्हणजे ग्राहकानं ताटकळायचं आणि ताटकळण्याचं भाडंही त्यानंच भरायचं! आमची गाडी दोन दोन तास उशिरा यायची, पण थांब्यावर उभं राहिल्याचं तिकीट आम्ही कधी कुणाला फाडलं नाही.

कंपनीला एवढं सुनावून मी घरी आलो आणि शालनला मात्र काही बोललो नाही. उद्या सांगू, परवा सांगू. तेवढ्यात मंदाच्या नव्या घराची वास्तुशांत आली. पत्रिका आली, फोन आला नाही. "बोलावणं तोंडानं करत्यात," एवढंच शालन म्हणाली, आणि गेली नाही. मी गावाला गुडघे सांगितले.

आठ दिवसांनी दौंडहून मंदाच्या दिरानं पिशवी आणून दिली. आत साडी होती आणि चिठ्ठी : "अक्काच्या वाट्याची." शालन ती साडी मांडीवर घेऊन बसून राहिली. आयुष्यभर मी विनातिकीट माणसं गाडीतून उतरवली, आणि घरात स्वतःच विनातिकीट बसलो होतो, वर दंड दुसरीच्या नावानं फाडून!

मी माझ्या मोबाइलवरून मंदाला फोन लावला.

"मंदाताई, एक सांगायचंय."

"थांबा दाजी. स्पीकरवर टाकते. समद्यांना ऐकू द्या." तिकडं भांड्यांचा आवाज थांबला. इकडं पोपटराव हजर झालेच होते. "हं, सांगा. पयल्यापास्नं."

सांगितलं. गाण्यासकट, म्हशीसकट सांगितलं. शालननं माझ्या हातातून मोबाइल घेतला, स्पीकर बंद केला आणि आत जाऊन बसली. बॅलन्स माझा. तासाभरानं मी दारातून हळूच विचारलं, "च्याचं काय?" तिनं न बघता हात वर केला : थांबा.

मी ओट्यावर जाऊन वाट बघत बसलो. या वेळी गाणंसुद्धा नव्हतं!