खात्रीचं रक्त

माझे दाजी अमृतराव हिंगोलीच्या मोंढ्यात मापाडी आहेत. हळदीचं पहिलं पोतं काट्यावर चढण्याआधी ते सरकारी शिक्क्याचं वजन ठेवून काटा तपासतात. काटा चुकला तर अडत्याचा बाप आला तरी माप होत नाही. माणूस सरळ आहे. पण सरळपणालाही एक ताठा असतो आणि तो घरच्यांना सोसावा लागतो. त्यांची बायको चतुराबाई ही माझी थोरली बहीण, आमची अक्का, म्हणून हे मी हक्कानं सांगतो.

लग्नाच्या बाबतीत दाजींचं एक ठरलेलं भाषण होतं. आपण बौद्ध माणसं, पत्रिका बघत नाही, मुहूर्त काढत नाही, हे चांगलंच झालं. पण म्हणून डोळे झाकून पोरी देऊ नका, दोन्हीकडचं रक्त तपासा. वस्तीतल्या प्रत्येक सोयरिकीत हे भाषण व्हायचं, आणि खोटं कशाला बोलू, एकदोन पोरींचं त्यानं भलंही झालं. त्यामुळे त्यांच्या सपनाचं जमलं तेव्हा रक्त तपासायचं हे सांगावंही लागलं नाही. मुलगा रत्नपाल, मूळचा साखऱ्याचा, आखाडा बाळापूरला बँकेत नोकरीला. गावातल्या एका लॅबमध्ये लग्नाआधीच्या तपासण्यांचं पॅकेज होतं. त्यात काय काय येतं हे कोणी विचारलं नाही. जितक्या जास्त तितक्या बऱ्या, असं दाजी म्हणाले.

रत्नपालचं सगळं चांगलं निघालं. सपनाचंही चांगलंच होतं, फक्त एक ओळ ठळक अक्षरात आली होती. हर्पीस, पॉझिटिव्ह. रत्नपालनं मोबाईलवर शोधलं. गुप्तांगावर फोड येतात, संबंधांतून पसरतो, शरीरातून कधीच जात नाही, असं त्याला दिसलं. दोन दिवसांनी त्याच्या आईचा, जनकाबाईंचा फोन आला. तारखेचं जरा थांबू, आधी पोरीची तब्येत बघा, असं त्या फार गोड आवाजात म्हणाल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं अक्का मला म्हणाली.

सपना घरीच शिकवण्या घेते. तिनं त्या बंद केल्या. स्वतःचा पेला वेगळा ठेवला, टॉवेल वेगळा वाळत घालू लागली. अंगाला कुठे खाज सुटली तरी दार लावून आरशात बघायची आणि काही सापडलं नाही म्हणून आणखी घाबरायची. आईला तिनं काही विचारलं नाही, कारण आईवर तिचा भरवसा होता. विचारलं ते बापाला.

"बाबा, मी काहीच केलेलं न्हाई. तुमाला काय वाटतं?"

"बघू," दाजी म्हणाले. "आधी मशीन बराबर हाय का ते तपासू."

पोरीला बापाकडून एक वाक्य हवं होतं. ते सोडून बाकी सगळं करायला हा माणूस तयार होता.

मशीन तपासण्याची त्यांची रीत मोंढ्यातलीच. ज्याची खात्री आहे तेच काट्यावर ठेवायचं. त्यांनी अक्काला शुगर तपासू म्हणून त्याच लॅबमध्ये नेलं आणि गुपचूप हर्पीसची तपासणी करायला लावली. चतुराबाईच्या रक्तात असलं काही निघालं तर लॅब खोटी, आणि लॅब खोटी तर सपना खरी. हिशेब अगदी सोपा होता.

अक्काचा रिपोर्टही पॉझिटिव्ह आला.

आता त्यांच्याच नियमानं त्यांनी हसत घरी यायला हवं होतं. काटा चुकला, मिटलं. पण दाजी घरी आले ते तोंड काळवंडून. मोंढ्यात शिक्क्याच्या वजनावर त्यांनी जन्मात शंका घेतली नव्हती, घरात घेतली. जेवताना ते अक्काकडे बघायचे आणि तिनं बघितलं की मान खाली घालायचे. ती पुढे आली की जेवण अर्ध्यावर सोडून उठायचे. अक्काला वाटलं, पोरीच्या काळजीनं माणूस झुरून राहिला. ती बिचारी त्यांच्या आवडीचं पिठलं करत बसली.

शेवटी मोंढ्याच्या गेटजवळच्या टपरीवर चहा पिताना त्यांनी मला सगळं सांगितलं. मला त्यांची कीव यायला हवी होती, पण आला तो संतापच. माझी बहीण म्हणजे काय तुमच्या काट्याचं वजन आहे का, असं मी चारचौघांत विचारलं. त्याच संध्याकाळी त्यांच्यासमोर अक्काला सगळं सांगून टाकलं. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. नांदेडला त्वचारोगाच्या एक डॉक्टरीणबाई आहेत, उद्या सगळे जाऊ, असं मी म्हटलं तेव्हा तिनं फक्त मान हलवली. मी रत्नपाललाही फोन केला. मोबाईलवर वाचलंस तसं एकदा कानानंही ऐक म्हटलं. पोरगा चांगला, तो आला.

दवाखान्यात आमची एवढी मोठी पलटण बघून डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. खाली कधी फोड, जखम, आग झाली होती का, हे त्यांनी सपनाला आत नेऊन विचारलं. कधीच नाही. बाहेर येऊन त्यांनी अक्काला विचारलं, लहानपणी हिच्या ओठांवर पुटकुळ्या यायच्या का?

"ताप उतरला की जर मुतायचा वठावर," अक्का म्हणाली. तापानंतर ओठांवर येणाऱ्या पुटकुळ्यांना आमच्याकडे जर मुतला म्हणतात. "मलाबी तसाच. आमच्या घरात समद्यांचाच मुततो."

"तेच असणार हे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ओठांवरच्या फोडांचा विषाणू आणि खालच्या फोडांचा विषाणू बहुतेक वेळा वेगळे असतात, पण सख्ख्या भावांसारखे. या रिपोर्टमध्ये दोघांना एकाच नावाखाली धरलंय. दोघांपैकी कोणीतरी कधीतरी भेटून गेला, एवढंच त्यातून कळतं. कुठे, कधी, कोणाकडून, यातलं काहीच नाही. ओठांवरचा तर बहुतेकांना लहानपणीच आईबापाच्या मुक्यातून मिळतो. दोघांना वेगळं दाखवणारी तपासणीही असते, पण तीसुद्धा कधीकधी नसलेलं दाखवते. फोड आलेला असेल तर त्यातलं पाणी घेऊन तपासायचं, ते खरं. काहीच त्रास नसलेल्या पोरीचं हे रक्त तपासायलाच नको होतं.

मग त्या दाजींकडे वळल्या. "कोणी सांगितलं होतं करायला?"

दाजींनी रुमाल काढून तोंड पुसलं. एरवी या विषयावर ते तासभर बोलले असते.

रत्नपालनं विचारलं, म्हणजे माझा रिपोर्ट चांगला आहे त्याचाही काही अर्थ नाही का? फारसा नाही, असं त्या म्हणाल्या. पोराचे कान लाल झाले. बाहेर पायऱ्यांवर तो सपनाजवळ थांबून काहीतरी बोलला. ती मान खाली घालून ऐकत होती, मग तिनं एकदाच हुंदका दिला आणि डोळे पुसले. परतीच्या एसटीत तो आमच्याबरोबरच होता. आखाडा बाळापूरला उतरताना दाजींना म्हणाला, "मामा, आईला मी सांगतो. तुमी तारीख काढा." लग्न वाचलं. माझा जीव भांड्यात पडला.

दाजींना तर बोलायचा हुरूप आला. वस्तीत सगळ्यांना सांगितलं पाहिजे, लॅबवाल्यालाही जाब विचारला पाहिजे, असं ते म्हणत होते. अक्का खिडकीशी बसली होती. गाडी कळमनुरीच्या जवळ आली तेव्हा ती दाजींकडे वळली.

"मला काहून नेलं? तुमी सवताचं रगत काहून न्हाई दिलं?"

मोंढ्यात लागण्याआधी दाजी काही वर्षं हळदीच्या ट्रकवर सांगलीला जायचे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तिकडच्या मुक्कामांवर घरात कधी कोणी बोललं नव्हतं. दाजींनी समोरच्या सीटचा दांडा धरला.

"तुझी खात्री होती," ते म्हणाले. "माझी मला न्हवती."

अक्कानं त्यांच्याकडे बघितलं. तिचा राग मला दिसत होता, आणि खरं बोलल्याबद्दल थोडी मायाही दिसत होती. मग ती हळूच म्हणाली, "आन् सपनाची?"

सपना आमच्या पुढच्याच सीटवर होती. तिला सगळं ऐकू जात होतं. ती ऐकते आहे हे दाजींनाही कळत होतं. आता 'खात्री होती' म्हणायची सोय नव्हती, आणि 'नव्हती' म्हणायची छाती नव्हती. मला वाटलं, खोटं का होईना, पण बोला एकदाचं.

सपनानंच त्यांना सोडवलं. मागे वळून न बघता ती म्हणाली, "बाबा, तारीख जवळचीच धरा. मला आता हितं लई दिवस ऱ्हायचं न्हाई."

दाजी बरं म्हणाले.