आतून आलेले दोन ठोके

आधीच सांगतो, मी भुताखेताला मानणारा माणूस नाही. सगळं आयुष्य समुद्रावर गेलं. काळोखात, धुक्यात, एकटा कितीतरी वेळा गेलोय आणि परत आलोय. दिसलं काय, तर प्लास्टिक. या ग्रुपवर लोक पांढऱ्या साडीतली बाई, उलटे पाय वगैरे लिहितात ते वाचतो आणि हसतो. आज स्वतः लिहायला बसलोय, तर तुम्ही हसा. माझी काही हरकत नाही. चौथी शिकलेला आहे, लिहिण्यात चुका निघतील, सांभाळून घ्या.

मी मढचा कोळी. आमची होडी वडिलांच्या वेळची, सागवानी, शिडाची. आता किनाऱ्यावर सगळ्यांना इंजिन आहे, नव्या बोटी फायबरच्या आहेत. माझी एकच शिडावर राहिली. पण अशी होडी तुम्ही बघितली नसेल. शीड भरलं की एका बाजूला जरा झुकते आणि निघते... आवाज नाही, धूर नाही, नुसतं पाणी बाजूला होत जातं. वर्सोव्याच्या खाडीत तिला बघून फेरीबोटीतले लोक फोटो काढायचे.

होडीचं जेवढं कौतुक करीन तेवढंच माझ्या बायकोचं. हिरा तिचं नाव. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी गेली. आधी शुगर, मग किडनी.

आता लाकडाची होडी दुरुस्त कशी करतात ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. फळी सडली की काढायची, नवी बसवायची. फळी आतल्या फासळीला खिळ्यांनी धरायची. लांब खिळा बाहेरून ठोकला की टोक आत निघतं. आत एक माणूस जड लोखंड घेऊन बसतो. तो ते लोखंड टोकावर दाबून धरतो, मग टोक वाकून लाकडात रुततं. असा खिळा सुटत नाही. आत कोणी नसेल तर बाहेरून कितीही ठोका, टोक काट्यासारखं उभं राहतं. हे एकट्याचं काम नाही.

आमच्याकडे बाया मासळी विकतात, सुकवतात, घर चालवतात. होडीतलं लोखंड बापये धरतात. पण आमचा धरणारा एकदा दारू पिऊन आला. हिराने त्याच्या हातातलं लोखंड घेतलं. म्हणाली, "तू जा, झोप. मी धरते." ती बसली ती कायमची.

मधे फळी, त्यामुळे आम्हाला एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. म्हणून खूण ठरवली होती. मी म्हणायचो, "धर गो," आणि ठोकायचो. खिळा नीट बसला की ती आतून लोखंडाने दोनदा वाजवायची. टक टक. म्हणजे पुढचा घे. एकदाच वाजलं तर थांब, काहीतरी गडबड आहे. असा आमचा संसार झाला. घरात कमी बोललो असू, पण फळीच्या दोन बाजूंनी खूप बोललो.

अजून एक. हिरा डावखुरी. बाकीचे लोक टोक पुढच्या अंगाला वाकवतात, हिची सगळी टोकं मागच्या अंगाला. आमच्या गावातला पास्कू, माझा जुना दोस्त, म्हणायचा, "तुझी होडी चोरीला गेली तर टेन्शन नको घेऊ. आत वाकून बघायचं, खिळे उलटे दिसले की तुझी."

हिरा गेल्यावर होडी वाळूत पडून राहिली. ऊन खाऊन फळ्या उघडल्या. माझा मुलगा सुनील मरोळला कंपनीत आहे, राहतो बोरिवलीला. होळी झाल्यावर तो आला.

"बाबा, किती दिवस नुसतं होडीकडे बघत बसणार? तो बंगलेवाला मागतोय ना. चांगला माणूस आहे. लॉनमध्ये ठेवणार."

"ठेवणार की कापणार?"

"मधून कापणार. अर्धीचा काउंटर करणार. शूटिंगला देतो तो जागा."

"काउंटरवर काय ठेवणार?"

"ड्रिंक्स वगैरे."

"तुझी आई ज्यात बसून म्हातारी झाली, त्यावर दारूचे ग्लास."

"मग पाण्यात घाला," सुनील चिडला. "चैत्राच्या अमावस्येला तरंगली तर मी परत तोंड उघडणार नाही. नाही तरंगली तर देऊन टाकायची."

अमावस्या ऐकून तुम्ही कान टवकाराल. आमच्यासाठी अमावस्या म्हणजे मोठी भरती, एवढंच. भर दुपारी पाणी पार वरपर्यंत येतं, होडी उतरवायला सोपं.

मी कामाला लागलो. सडक्या फळ्या काढल्या, नव्या तासून बसवल्या. लोखंड धरायला माणूस मिळेना. पोरं फायबरवाली, त्यांना हे काम माहीतच नाही. पास्कूचा खांदा गेलेला. तो नुसता बाजूला बसून जीव खायचा, "एवढ्या वेळात तर मी नवीन लग्न केलं असतं." शेवटी ठरवलं, आधी सगळे खिळे बाहेरून ठोकायचे, मग आत चढून एकेक टोक कसंतरी वाकवायचं. मूर्खपणा होता. कळत होतं, पण इलाज नव्हता.

दुपारची वेळ. ताडपत्रीच्या सावलीत पहिला खिळा लावला आणि सवयीने तोंडातून गेलं, "धर गो." तसाच हातोडा मारला. खिळा आत गेला.

आतून आवाज आला. टक टक.

लाकूड तडकलं असेल, म्हटलं. दुसरा खिळा लावला. "धर गो." टक टक. तिसऱ्याला पण. मग मी विचार सोडून दिला. खरं सांगतो, भीती वाटली नाही. बरं वाटलं. हात असा चालायला लागला जसा तरुणपणी चालायचा.

पास्कू चहाचे दोन ग्लास घेऊन आला. थोडा वेळ ऐकत उभा राहिला.

"मिळाला वाटतं माणूस. कोण आहे रे आत?"

"कोण नाही."

"मग वाजवतंय कोण, तुझा बाप?"

मी पुढचा खिळा लावला, ठोकला. या वेळी एकच आवाज आला. टक. मी हातोडा खाली ठेवला.

पास्कू काठावरून आत वाकला. मग मीही वर चढलो. होडी रिकामी. लोखंड तर घरी होतं, हिराच्या कॉटखाली, ती गेल्यापासून मी हलवलं नव्हतं. आणि नव्या खिळ्यांची टोकं वाकून लाकडात पक्की बसलेली. सगळी मागच्या अंगाला. फक्त शेवटचं टोक सरळ उभं. तिथली फासळी वरून चांगली दिसत होती. मी सुरी खुपसली, तर चहात बुडवलेल्या पावात जावी तशी आत गेली. तिच्यावर फळी ठोकली असती तर पहिल्याच लाटेला उघडली असती.

पास्कूने छातीवर क्रुसाची खूण केली. मग त्याने आपला चहाचा ग्लास होडीच्या आत ठेवला. "हिराबाय, चहा घे," म्हणाला. मस्करीत नाही.

मी फासळी बदलली. बाकीचं कामही तसंच झालं. मी बाहेर, आणि आत... काय ते तुम्ही ठरवा.

रविवारी सुनील बघायला आला. मी त्याला काही सांगितलं नाही. तो आत उतरला, नव्या फळीच्या खिळ्यांवरून बोट फिरवलं.

"हे आईने वाकवलेले ना?"

"फळी बघ. नवी आहे."

तो तिथेच खाली बसला. बराच वेळ वर आला नाही. वर आला तेव्हा डोळे लाल होते. बाजूला जाऊन बंगलेवाल्याला फोन लावला. "नाही, होडी नाही द्यायची," एवढंच ऐकू आलं.

अमावस्येला होडी पाण्यात गेली. पहिल्यांदा थोडं पाणी आत आलं, ते येतंच. फळ्या पाणी पिऊन फुगल्या आणि फटी बंद झाल्या. शीड वर चढवलं, त्याला हिराने लावलेली ठिगळं. वारा भरला आणि ती निघाली, तशीच, जरा झुकून. सुनील सुकाणूवर होता. असं देखणं काही मी पुन्हा बघेन असं वाटलं नव्हतं.

सुनील आता म्हणतो, "बाबा, तुम्हीच वाकवले असतील, दुःखात आठवत नसेल." मी उजव्या हाताचा. डाव्याने करून बघितलं, खिळा मोडला. आणि पास्कूने ऐकलं त्याचं काय? कोणाकडे उत्तर असेल तर लिहा, पण मला गप्प करायला लिहू नका.

होडीत वरच्या फळीला, पाण्याच्या वर, एक भोक मी मोकळं सोडलंय. सुनील परवा म्हणाला, "बाबा, इथे एक खिळा राहिला."

"राहू दे," म्हटलं.

तो खिळा माझ्या खिशात आहे. तो ठोकला की काम संपलं.