डिंकाचा पहिला लाडू

समोरच्या मालतीकाकूंचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. ओट्यापाशी घसरल्या आणि मनगट मोडलं. डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या आणि वर बजावलं, "हाडं ठिसूळ झालीत, खाण्याकडे लक्ष द्या."

काल त्यांची वाटी परत द्यायला गेले, तर शरदकाका कढईपुढे उभे आणि काकू खुर्चीतून हुकूम सोडताहेत. "डिंक एकदम नका टाकू! चार-चार खडे टाका. गॅस बारीक करा, नाहीतर आत कच्चा राहतो."

तुपात डिंक लाहीसारखा फुलत होता. आमच्या मजल्यावरच्या प्रत्येक बाळंतिणीला काकूंनी हे लाडू दिलेत. मलाही दिले, दोन्ही खेपेला. घरातलं पौष्टिक खाणं नेहमी कुणाच्या तरी नावचं असतं. बाळंतिणीचं, परीक्षेच्या पोराचं, तालमीला जाणाऱ्या दिराचं. करणारीच्या वाट्याला परातीतला चुरा. त्या चुऱ्यावर या बाईनं सत्तरी गाठली, याचंच मला नवल वाटतं.

काकांनी घाम पुसत पहिला लाडू वळला. काकूंनी सवयीनं डाव्या हातानं ताटली माझ्याकडे सरकवली. "घे गं, गरम आहे."

काकांनी ताटली परत ओढली. "तिची बाळंतपणं झाली. हा तुझा."

काकूंनी घास घेतला. डिंक आत कच्चाच होता, दाताला चिकटला. मला दिसलं, काकांनाही दिसलं. काकू मात्र सावकाश चावत राहिल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी अख्खा लाडू संपवला.